हँडीकॅमचं शूटिंग दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेलं की खराब का दिसतं?

इचलकरंजीच्या दादाचा, म्हणजे माझ्या आत्तेभावाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “अगं, ते शूटिंग पुन्हा बिघडलं बघ.” गेल्या दोन वर्षांत हे तिसऱ्यांदा. २०१२ साली आजोबांच्या पंच्याहत्तरीला त्याने दिवसभर हँडीकॅम चालवला होता. ते शूटिंग आधी त्याच्या डेस्कटॉपवर होतं, तिथून मुलीच्या लॅपटॉपवर गेलं, मग पुण्याला माझ्याकडे आलं. आणि दर मुक्कामाला थोडं थोडं पुसट होत गेलं, असं त्याचं म्हणणं. व्हिडिओ कॉपी केला की झिजतो, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. व्हीएचएसच्या काळात ते खरंही होतं. कॅसेटवरून कॅसेट काढली की रंग फुटायचे, आणि तिसरी प्रत तर बघवायची नाही.

फाइलचं तसं नसतं. कॉपी झालेली फाइल एक तर तंतोतंत मूळ फाइलसारखी असते, नाही तर मोडलेली असते. म्हणजे मध्येच अडकते, हिरवे-गुलाबी चौकोन येतात किंवा उघडतच नाही. नुसती कॉपी करून सगळं चित्र एकसारखं धूसर होऊच शकत नाही. तसं झालं असेल तर वाटेत कुठल्या तरी सॉफ्टवेअरने ती फाइल उघडून, चित्र दाबून नव्याने लिहिली आहे. तो टप्पा सापडला की अर्धं काम झालं. कधी कधी तर फाइल ठणठणीत असते आणि खोट दाखवणाऱ्या प्लेअरमध्ये असते. दादाच्या तिन्ही फोनांची कारणं वेगवेगळी निघाली, म्हणून तिन्ही सविस्तर लिहिते. तुमची अडचण बहुतेक यांतल्याच एका खणात बसेल.

पहिला फोन: “चेहरे ओळखू येत नाहीत”

अशा तक्रारीत मी चित्र बघतच नाही, आधी फाइलचं वजन बघते. दादाचा हँडीकॅम एव्हीसीएचडी प्रकारचा. सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून २००६ मध्ये हा प्रकार आणला आणि पुढची बरीच वर्षं घरगुती हँडीकॅम त्यावरच चालले. त्यात चित्र एच.२६४ पद्धतीने साठवलेलं असतं. दादाने ठेवलेल्या सेटिंगला सेकंदाला साधारण १७ मेगाबिट जातात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागलं की सेकंदाला दोन एमबीपेक्षा थोडं जास्त, म्हणजे तासाला साडेसात जीबीच्या आसपास. संध्याकाळचं भजन ५० मिनिटं सलग घेतलेलं होतं, तेव्हा ती फाइल सहा जीबीच्या वर हवी. माझ्याकडे आलेली होती ७०० एमबीची.

प्रश्न तिथेच मिटला. ५० मिनिटांत ७०० एमबी म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिटसुद्धा नाहीत. मूळ माहितीचा जेमतेम नववा हिस्सा उरला होता. बाकीची गेली ती गेली. आता त्या फाइलवर कुठलंही ‘एचडी करून देणारं’ सॉफ्टवेअर चालवा, आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या परत येणार नाहीत. फार तर सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने नव्या काढून देईल.

पण ही फाइल दाबली कोणी? मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “मी नुसती पेन ड्राइव्हवर टाकली.” ती खोटं बोलत नव्हती. खोदून विचारल्यावर कळलं की पेन ड्राइव्हने फाइल घेतलीच नव्हती. ३२ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह, सहा जीबीची फाइल, आणि विंडोज म्हणतं की फाइल फार मोठी आहे. मग तिने एका फुकटच्या कन्व्हर्टरमध्ये टाकून ती लहान केली आणि मग ती बसली. तिच्या दृष्टीने ही कॉपीच.

यातली मेख फॅट३२. ३२ जीबीपर्यंतचे पेन ड्राइव्ह बहुधा याच पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, आणि फॅट३२ मध्ये एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, जागा कितीही रिकामी असो. हँडीकॅमलाही कार्डावर हीच अडचण येते, म्हणून तो लांब शूटिंगचे दोन-दोन किंवा चार-चार जीबीचे तुकडे करून ठेवतो. कॅमेऱ्यासोबत आलेलं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घेताना ते तुकडे जोडतं. म्हणून डेस्कटॉपवर सहा जीबीची अखंड फाइल होती आणि पेन ड्राइव्हवर ती मावेना.

उपाय सोपा आहे. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट-क्लिक करून फॉरमॅट निवडलं की यादीत तो पर्याय दिसतो. त्यावर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, तेव्हा पोरांचे प्रोजेक्ट वगैरे आधी काढून घ्या. एनटीएफएसही चालतं, पण समोरचा कॉम्प्युटर मॅक असेल तर त्याला एनटीएफएस वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं.

डेस्कटॉपवरची मूळ फाइल सुदैवाने शाबूत होती. दादाला म्हटलं, “तू काही उघडू नको, काही सेव्ह करू नको, नुसती फाइल उचल आणि टाक.”

इथेच आणखी एक सवय मोडायला हवी. ‘एमटीएस (हँडीकॅमच्या फाइलचा प्रकार) उघडत नाही, एमपीफोर करून दे’ हे मी कितीदा ऐकलंय. एमटीएस किंवा एमपीफोर हा नुसता डबा आहे, आतली भाजी एच.२६४ चीच असते. स्टीलच्या डब्यातली भाजी प्लॅस्टिकच्या डब्यात काढायला ती पुन्हा फोडणीला टाकावी लागत नाही. पण बहुतेक कन्व्हर्टर नेमकं तेच करतात. हँडब्रेक हे चांगलं सॉफ्टवेअर आहे, पण तेही दरवेळी चित्र नव्यानेच लिहितं. त्याचं कामच ते. नुसता डबा बदलायचा असेल तर लॉसलेसकट वापरा किंवा, कमांडची भीती वाटत नसेल तर, एफएफएमपेगमधला ‘कॉपी’ हा पर्याय. ओळखायची खूण वेळेची. सहा जीबीची फाइल डबा बदलून एखाद-दोन मिनिटांत येते. अर्धा तास पंखा घरघरत बसला तर समजा की भाजी पुन्हा शिजतेय. जाता जाता, या हँडीकॅमचा आवाज डॉल्बीच्या एसी-३ प्रकारचा असतो आणि एमपीफोरच्या डब्यात तो काही फोनवर वाजत नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर तुमचं काही चुकलेलं नाही. एमकेव्हीच्या डब्यात घालून व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये लावा.

दुसरा फोन: “आता तर रेघाच आल्या”

या वेळी दादाने सगळं सांगितल्याबरहुकूम केलं होतं. एक्सफॅट, मूळ फाइल, नुसती कॉपी. आकार बाइटपर्यंत जुळत होता. तरी मुलीच्या नव्या लॅपटॉपवर आत्या पंच्याहत्तर दिव्यांचं ताट ओवाळते तेव्हा तिच्या हाताला आणि ताटाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. हात थांबला की रेघा गायब. “हेच घरच्या टीव्हीवर कॅमेरा लावून बघतो तेव्हा झ्याक दिसतं,” दादा म्हणाला. म्हणजे कॉपीनेच बिघडवलं, असा त्याचा निष्कर्ष.

फाइल अगदी बरोबर होती. त्या काळातले बरेच हँडीकॅम चित्र ‘इंटरलेस्ड’ घेतात. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला ५० वेळा अर्धं अर्धं चित्र, एकदा सम ओळी आणि एकदा विषम. टीव्ही ते अर्धे भाग स्वतः नीट मिसळून दाखवतो. कॉम्प्युटरचा प्लेअर मात्र कधी कधी दोन अर्धी चित्रं तशीच एकावर एक ठेवतो. त्या दोन अर्ध्यांच्या मधल्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागात हात पुढे गेलेला असतो, म्हणून दात दिसतात. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेन्यूत डीइंटरलेस चालू करा आणि त्याच्या प्रकारांत यादिफ निवडा. दादाला फोनवर सांगताना ‘यादिफ’ शब्द चारदा उच्चारावा लागला, पण रेघा गेल्या.

या रेघा घालवायला फाइल ‘दुरुस्त’ करू नका, हे मात्र ठळक अक्षरांत लिहून ठेवा. गल्लीबोळातले कन्व्हर्टर रेघा घालवण्यासाठी दोनपैकी एक अर्धं चित्र सरळ फेकून देतात. मग १०८० ओळींतल्या ५४० च खऱ्या उरतात आणि हालचालही धक्के खाते. आणि मग लोक मला सांगतात, रेघा गेल्या पण जरा पुसट वाटतंय.

असाच दुसरा भास म्हणजे चित्र अडखळणं. जुन्या लॅपटॉपला एव्हीसीएचडी उलगडायला दम लागतो. फाइल मोडली आहे की मशीन दमलं आहे, हे ओळखायला तोच भाग दोन-तीनदा लावून बघा. दरवेळी अचूक त्याच सेकंदाला अडखळत असेल तर फाइलमध्ये गडबड आहे. जागा बदलत असेल तर मशीन दमतंय. तसंच व्हिडिओ थेट पेन ड्राइव्हवरून लावू नका, आधी हार्ड डिस्कवर घ्या.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर दोन्ही कॉम्प्युटरवर टाका. फाइल त्यात ओढली की रुंदी, उंची, बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट), इंटरलेस्ड आहे की नाही, सगळं समोर येतं. दोन्हीकडचे आकडे सारखे असतील तर चित्र दाबलं गेलेलं नाही. आणि फाइल शब्दशः तीच आहे का हे बघायचं असेल तर सेव्हन-झिप हे फुकट सॉफ्टवेअर. फाइलवर किंवा अख्ख्या फोल्डरवर राइट-क्लिक, सीआरसी-एसएचए मेन्यू, त्यात एसएचए-२५६. एक लांबलचक आकडा येतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तोच यायला हवा. मी पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं फोनवर वाचून घेते, तेवढं पुरतं. आमच्याकडे ही खटपट करावीच लागते, कारण कॉपी अर्ध्यावर असताना वीज गेली की कधी कधी फाइलचा आकार पूर्ण दिसतो आणि आत शेवटचा भाग रिकामा असतो. आकारावरून ते कळत नाही. पेन ड्राइव्ह काढतानाही ‘इजेक्ट’ करूनच काढा.

तिसरा फोन: “सकाळचं शूटिंगच नाही”

हा खरा दणका होता आणि याचा चित्राच्या दर्जाशी काही संबंध नव्हता. सकाळचे पाहुणे, होम, आजीने नेसलेलं नवं लुगडं, काहीच सापडेना. फाइली होत्या, पण उघडल्या की संध्याकाळची पंगत.

हँडीकॅम क्लिपांना नावं देतो ती ०००००, ००००१, ००००२ अशी. नवं कार्ड घातलं की पुष्कळ कॅमेरे पुन्हा शून्यापासून मोजतात. त्या दिवशी दादाने दोन कार्डं वापरली होती, सकाळचं आठ जीबीचं आणि दुपारनंतर मोठं. रात्री त्याने दोन्ही कार्डांतल्या क्लिपा डेस्कटॉपवर एकाच फोल्डरमध्ये टाकल्या. दुसऱ्या कार्डाच्या वेळी विंडोजने विचारलं असणार की याच नावाच्या फाइली आहेत, बदलू का? आणि दमलेल्या माणसाने ‘रिप्लेस’ दाबलं असणार. संध्याकाळच्या १४ क्लिपा सकाळच्या पहिल्या १४ क्लिपांच्या उरावर बसल्या. २०१२ मध्ये झालेली ही चूक कळायला दशकाहून जास्त काळ गेला, कारण सकाळचं शूटिंग शोधायची वेळच आली नव्हती.

तेव्हा दर कार्डाला स्वतंत्र फोल्डर, आणि कार्ड अख्खंच्या अख्खं उचलायचं. आतल्या ‘स्ट्रीम’ फोल्डरमधल्या क्लिपा तेवढ्या वेचायच्या नाहीत. वरचं ‘प्रायव्हेट’ नावाचं फोल्डर, त्यात एव्हीसीएचडी, त्यात बीडीएमव्ही, हा सगळा उतरंडीसारखा रचलेला संसार जसाच्या तसा न्यायचा. बाजूच्या त्या किलोबाइटभर वजनाच्या फाइलींत कुठली क्लिप कुठल्या क्लिपला जोडलेली आहे याची नोंद असते. ती असली तर प्रीमियरसारखं एडिटिंगचं सॉफ्टवेअर लांब शूटिंगचे तुकडे सलग एक म्हणून ओळखतं. नुसते तुकडे वेगवेगळे ओढले तर सांध्यावर एखादी फ्रेम किंवा आवाजाचा कण गळतो. भजनात टाळ सुटल्यासारखा तो लगेच कानाला लागतो. वरच्या फोल्डरला हवं ते नाव द्या, तारीख-प्रसंग-कार्ड क्रमांक असं. आतल्या फाइलींची नावं मात्र बदलू नका. मॅकवर हे सगळं एकच फाइल असल्यासारखं दिसतं, घाबरू नका. राइट-क्लिक करून ‘शो पॅकेज कंटेंट्स’ म्हटलं की आत शिरता येतं.

कार्ड रीडरने घ्या की कॅमेऱ्याची यूएसबी केबल लावून, फाइल तीच येते, फरक वेगात. यूएसबी २ वर सेकंदाला तीसेक एमबी मिळतात, म्हणजे ४० जीबीला वीस-पंचवीस मिनिटं. दोन्ही कॉम्प्युटर एका घरात असतील तर लॅन केबल लावून फोल्डर शेअर करा. गिगाबिट पोर्ट असतील आणि डिस्क साथ देत असेल तर तेच काम सात-आठ मिनिटांत. पिवळी-लाल-पांढरी केबल लावून ‘रेकॉर्ड’ करणं म्हणजे कॉपी नव्हे. तिथे चित्र अॅनालॉग होऊन पुन्हा डिजिटल होतं आणि एचडीचं एचडीपण रस्त्यातच संपतं.

गावाबाहेर पाठवायचं तर इंटरनेट आलंच. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर २ जीबीपर्यंत मूळ फाइल जाते. गुगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ चालू असेल तर तिथेही दाबणी होते. गुगल ड्राइव्ह मूळ फाइलला हात लावत नाही, पण ब्राउझरमध्ये तिथल्या तिथे लावून बघाल तर हलकी आवृत्ती दिसते. शिकागोच्या चुलतभावाने ती बघूनच ‘हे काय पाठवलंस’ असा मेसेज टाकला होता. त्याला म्हटलं, डाउनलोड कर आणि मग बोल.

सकाळच्या क्लिपांचं पुढे असं झालं. ते आठ जीबीचं कार्ड हँडीकॅमच्या बॅगेच्या चोरकप्प्यात सापडलं. फॉरमॅट केलेलं, पण नशिबाने त्यानंतर वापरलेलं नव्हतं. फॉरमॅटने बहुधा अनुक्रमणिका तेवढी पुसली जाते, मजकूर तिथेच असतो, जोवर त्यावर नवं काही लिहिलं जात नाही. म्हणून असं कार्ड सापडलं तर कॅमेऱ्यात घालून ‘बघूया चालतंय का’ करू नका. रीडरमध्ये घालून फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवा आणि निघालेल्या फाइली कार्डावर नाही, कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवा. १४ पैकी ११ क्लिपा निघाल्या. नावं भलतीच आली, क्रम लावायला एक रविवार गेला. होमाची क्लिप आहे. आजीच्या लुगड्याची नाही.

आता राहिल्या २००५ च्या आसपासच्या आठ मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल टेपच्या, कॅसेटी. दादाने मध्यंतरी त्या एका स्टुडिओत देऊन डीव्हीडी करून आणल्या आणि मूळ समजून जपल्या. एका तासाच्या मिनीडीव्हीचा ऐवज साधारण १३ जीबी आणि डीव्हीडीत मावतात ४.७. उरलेले कुठे गेले हे दादालाच विचारलं, तेव्हा कुठे त्याला पटलं की कॅसेटी फेकायच्या नाहीत. या कॅसेटी फायरवायर नावाच्या, त्या काळच्या कॅमेऱ्यांना लागणाऱ्या केबलने घेतल्या तर टेपवरचे तेच आकडे फाइलमध्ये उतरतात, काही गळत नाही. कॅमेऱ्याच्या यूएसबीने बरेचदा फोटो किंवा बारीक चित्रच येतं. फायरवायर हल्लीच्या लॅपटॉपला नसतं, म्हणून जुन्या डेस्कटॉपला एक कार्ड बसवावं लागतं, आणि विंडोज १० वर मायक्रोसॉफ्टचा जुना ‘लेगसी’ ड्रायव्हर टाकला की बहुधा काम होतं. केबल लावताना कॅमेरा बंद ठेवा. कॉम्प्युटरकडच्या सहा पिनांच्या टोकातून वीज येते आणि ते टोक उलटं दाबून बसवलं तर कॅमेऱ्याचं पोर्ट जळू शकतं. एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, घाई चालत नाही. विनडीव्हीसारखं सॉफ्टवेअर गळालेल्या फ्रेमा मोजून दाखवतं, तो आकडा शून्य हवा. नसेल तर बाकी सगळं बंद करून पुन्हा घ्यायचं. वीस मिनिटांची फाइलच ४ जीबी ओलांडते, तेव्हा पहिल्या फोनमधलं फॅट३२ इथेही आडवं येईल.

जुन्या बाजारातून फायरवायरचं कार्ड मिळालंय. दादाला दोन गोष्टी बजावल्यात. दमट हवेत टेपला बुरशी धरते, म्हणून आठही कॅसेटी तळघरातल्या पेटीतून काढून कोरड्या कपाटात ठेव. आणि कुठल्या कॅसेटवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅमेऱ्यात घालू नको, हेड खराब होईल आणि बाकीच्या सातही अडकतील. दिवाळीत जाईन तेव्हा बघू.